कडू चीज आणि हिराअक्काचं विरजण

नोकरीत काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "जिवाणू पाळायचे." मग समोरचा माणूस हातातला चहाचा कप जरा लांब धरतो. देवपूरच्या आमच्या कॉलनीत तर कित्येक वर्षं समज होता की मी कॉलऱ्याच्या खात्यात आहे. माझ्या घरचं दही कुणी मागत नसे. आणि गंमत अशी की अख्ख्या धुळ्यात माझ्याइतकं चांगलं दही कुणी लावत नव्हतं. हे मी नम्रपणे सांगत नाहीये.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मायक्रोबायॉलॉजी शिकून मी दोंडाईच्याजवळच्या एका खासगी डेअरीत लागले होते. रोज सकाळी एस.टी.ने जायचं, संध्याकाळी धूळ खात परत यायचं. मालक शांतिलालशेठ कापसाच्या धंद्यातून दुधात आलेले. गाई-म्हशींच्या दुधावर डेअरी छान चालली होती. पण मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात कुणीतरी शेठना मेंढीच्या दुधाचं परदेशी चीज दाखवलं, त्याचा भाव सांगितला, आणि शेठच्या डोक्यात ते बसलं. "सुनंदाबेन, आपल्याकडे रानभर मेंढ्या फिरतात. आपण का नाही करायचं?" मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. मला 'का नाही' हा प्रश्न ऐकला की अंगात येतं. मी म्हटलं, करू.

चीज म्हणजे काय हे तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. शेठनी हौसेने चार वड्या गावातल्या दुकानात ठेवल्या, तर एका गिऱ्हाइकाने अंघोळीला वापरून पाहिली आणि फेस येत नाही म्हणून परत आणली. तेव्हा थोडक्यात सांगते. दूध तापवायचं, कोमट करायचं, त्यात विरजण घालायचं. मग रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, घालून ते घट्ट करायचं. त्या थराचे तुकडे करायचे, पाणी काढायचं, साच्यात घालून दाबायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं. तयार होतो एक पांढरा, बेचव गोळा. तो गार खोलीत चार-सहा महिने ठेवला की पिकतो आणि त्याला चव येते. ही चव जिवाणू आणतात. माणसाने फक्त धीर धरायचा असतो, आणि तो माझ्याकडे कधीच नव्हता.

दूध आणायचं कुठून? शिंदखेडा-साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ असतात. त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. पावसाळ्यात वाडा आपल्या मुलखात असतो, दिवाळी झाली की निघतो आणि आठ महिने चालतच असतो. मेंढीचं दूध कोकराचं, ते विकत नाहीत, असं प्रत्येक वाड्याने मला सांगितलं. फक्त एका वाड्यावरची हिराअक्का म्हणाली की कोकरू पोटभर प्यायलं की उरलेलं देईन. साठीची बाई, काटकुळी, आवाज मात्र रानभर जाईल असा. तिच्या शब्दावर आणखी सात-आठ वाडे तयार झाले.

अक्काचे गुडघे सुजून वांग्यासारखे झाले होते. एकदा दूध मोजताना तिने लुगडं वर करून मला दाखवले. "मना गुडघा गयात वं पोरी. पन वाडा थांबस का?"

ते पाहिल्यावर मी शेठच्या मागे लागले. दिवाळीनंतरही दूध हवं असेल तर दुभत्या मेंढ्या एका जागी ठेवा, चारा-पाणी डेअरी करेल, आणि त्यांच्यापाशी हिराअक्काला बसवा. शेठ म्हणाले, "आधी चीज चालू दे, मग शेड बांधू." ते मी अक्काला जाऊन सांगितलं. नको तेवढ्या खात्रीने सांगितलं. "अक्का, पुढच्या वर्षी तुम्ही चालणार नाही," असं मी म्हणून बसले.

आणि पहिल्या वर्षीचं चीज मुंबईहून परत आलं. सगळं. सोबत हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याचं दोन ओळींचं पत्र: कडू आहे, आणि कडूपणाच्या मागे काही नाही. शेठनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "आणखी एक सीझन, सुनंदाबेन. पुन्हा परत आलं तर मेंढीचं दूध बंद." म्हणजे हिशेब सरळ झाला. चीज जमलं तर अक्का बसणार, नाही जमलं तर त्या गुडघ्यांवर चालणार.

कडू का झालं, ते मी रात्रंदिवस डोक्यात घोळवत होते. दूध तापवलं की त्यातले वाईट जिवाणू मरतात, तसे चांगलेही मरतात. मग आपण विकतचं विरजण घालतो. ही पहिली टोळी. ती झपाट्याने दूध आंबवते आणि मरून जाते. पुढे दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पडायला लागतात, आणि हे अर्धवट तुकडे चवीला कडू असतात. कच्च्या दुधात एक दुसरी टोळी असते, संथ कामाची. ती महिनाभर दिसतसुद्धा नाही, मग हळूहळू वाढते आणि ते कडू तुकडे आणखी बारीक फोडून त्यातून चव काढते. आम्ही दूध तापवून दुसरी टोळी मारून टाकत होतो. ती परत घालायला हवी होती. पण कुठली? बाजारात आमच्याकडे मिळत नव्हती.

तेव्हा मला हिराअक्काचं दही आठवलं. मडक्यातलं, मेंढीच्या दुधाचं. चार-चार दिवस झालेलं दही तिने मला भाकरीवर वाढलं होतं आणि ते आंबट होतं, पण कडू अजिबात नव्हतं. मागे खोबऱ्यासारखा वास यायचा. मी उठले, वाडा शिरपूरच्या बाजूला आहे असं कळलं, तिकडे गेले. पोचेपर्यंत सूर्य मावळला.

"अक्का, विरजण द्या."

"दिन बुडना. आते इरजन देतस नही."

"अहो, मी चार तास प्रवास करून आलेय! पैसे घ्या हवे तर."

अक्का अशी काही बघायला लागली की जणू मी तिच्या देवाला नाव ठेवलं. "इरजन कोनी इकस का? कितली शिकेल शे तू, इतलं समजस नही?"

मी निमूट कांबळ्यावर झोपले. सकाळी तिने स्टीलच्या डब्यात दही दिलं आणि बजावलं की डबा रिकामा परत आणायचा नाही. मी त्यात गूळ घालून परत केला.

त्या दह्यातून मी पाच जातीचे जिवाणू वेगळे केले. त्यांची नावं काढायची सोय आमच्याकडे नव्हती. मी त्यांना एक ते पाच नंबर दिले आणि प्रत्येकाचं अर्ध्या किलोचं एक-एक चीज केलं. चार महिने वाट पाहिली. पहिला नंबर फसला, दुसऱ्याला वास आला, तिसरा फुगला, पाचवा कडूच. चौथा कापला, तोंडात टाकला आणि मी एकटीच प्रयोगशाळेत "अगं बाई!" म्हणून ओरडले. कडूपणा नावाला नव्हता, आणि मागे ते खोबरं होतं. मी शेठकडे जाऊन सांगितलं, जमलं. आता फक्त मेंढ्या विऊन दूध सुरू व्हायची वाट होती, आणि तोवर चौथ्या नंबरला दर दोन दिवसांनी ताजं दूध देऊन जगवायचं होतं.

इथे कानबाई आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. त्याआधी घर कसं धुतात ते बघायला हवं. भिंती रंगवतात, गोधड्या नदीवर जातात, घरातलं एकूण एक भांडं घासून निघतं. शिळंपाकं काही राहू देत नाहीत. नैवेद्याचे रोट करायला सून हवीच, म्हणून मी चार दिवस जळगावला सासरी गेले. जाताना प्रयोगशाळेतल्या वसंताभाऊंना म्हटलं, "जरा बघा हं इकडे."

वसंताभाऊ आमचे मदतनीस. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, देवभोळे, कामाला वाघ. परत आले तर प्रयोगशाळा लखलखत होती. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. फ्रीज आतून-बाहेरून पुसलेला. आणि टेबलावर धुतलेल्या फडक्यावर माझ्या सगळ्या काचेच्या बाटल्या पालथ्या घातलेल्या.

मी एक बाटली उचलून आत पाहिलं. "वसंताभाऊ, यातलं दही कुठे आहे?"

"शिळं व्हतं ना ताई. कानबाई येल शे, घरमा कोनी शिळं दही ठेवस का? बठ्ठं राख लाईसन घासी टाकं." चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"आणि फ्रीजमधलं?"

"ते बी."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वयाचा मान ठेवला नाही, एवढं सांगते. "तुम्हाला अक्कल आहे का" पासून सुरुवात होती. मी दमून स्टुलावर बसले तेव्हा वसंताभाऊ हळूच म्हणाले, "ताई, त्या बाटलीमा काय शे, ते तुम्ही माले कधी सांगंच नही."

खरं होतं. दोन वर्षं ते माझ्यासाठी बाटल्या धूत होते आणि मी त्यांना एकदाही सूक्ष्मदर्शकात डोकावू दिलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मी धरून चालले होते. प्रयोगशाळा घरासारखी धुतली तो दोष त्यांचा नव्हता. ज्याच्यावर एका बाईचं चालणं-बसणं अवलंबून होतं ते मी कुणाला न सांगता बाटलीत ठेवून रोट लाटायला गेले, हा दोष माझा. हे मला आज लिहिताना सोपं जातंय. तेव्हा कबूल करायला दोन तास लागले.

"अक्काकडे पुन्हा जायचं," मी म्हटलं. वसंताभाऊंनी लगेच त्यांची लूना काढली.

काळ्या मातीचा चिखल, श्रावणातली भुरभुर आणि मागे मी पदर खोचून बसलेली. दोनदा घसरलो. बुराई नदीच्या काठी वाडा सापडला. अक्काचं मडकं पालथं होतं. "आठे कोठलं दही पोरी? मेंढ्या आटेल शेतस." माझा चेहरा बघून ती हसली. मेंढ्या आटल्या की ती आपलं विरजण गावात गंगूबाईंकडे ठेवते, आणि दूध सुरू झालं की परत घेते. गंगूबाई तिची धरमबहीण, शेतकऱ्याच्या घरची. त्यांच्या घरी म्हशीच्या दुधावर ते विरजण चार महिने जगतं. आम्ही अक्काला लूनावर घेतलं आणि वसंताभाऊ लूना ढकलत चालले.

गंगूबाईंचं घर बघितलं आणि माझं धाबं दणाणलं. नुकता चुना दिलेला. ओट्यावर तांब्या-पितळेची भांडी उन्हासारखी चमकत होती. म्हटलं, संपलं.

"इरजन?" गंगूबाई म्हणाल्या. "ते मी पहिलेच शेजारले दिधं. आमना घरमा कानबाई, तिना घरमा कानबाई नही." शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. गंगूबाई दर कानबाईला विरजण तिथल्या अमिनाबींकडे चार दिवस पाठवायच्या. मी धावतच शेजारी गेले. अमिनाबींनी झाकण काढून दही दाखवलं, खोबऱ्याचा वास आला, आणि मी भरलेल्या डोळ्यांनी डबा पुढे केला.

"आता नाही, बाई," त्या म्हणाल्या. "दिवस बुडाला. माझं असतं तर दिलं असतं. पण हे हिराअक्काचं आहे, तिचा नेम मी कसा मोडू?"

मी हिराअक्काकडे बघितलं. हिराअक्काने आभाळाकडे बघितलं. गंगूबाईंच्या ओट्यावर मुक्काम पडला. सकाळी डबा घेऊन निघालो.

त्या दह्यातून चौथा नंबर पुन्हा शोधायला मला तीन आठवडे लागले. तो चौथाच होता की त्याचा भाऊबंद, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. ती तपासायची साधनं आमच्याकडे नव्हती. चव, वास, दूध आंबवायला लागणारा वेळ, एवढ्यावरून मी तो ओळखला. यावेळी वसंताभाऊंना शेजारी बसवलं आणि सूक्ष्मदर्शकात दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून होते. "ताई, हाई तं चालता वाडा शे," म्हणाले. त्यानंतर चौथ्या नंबरला दूध घालायचं काम त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. सकाळी मी दारात आले की आतून आवाज यायचा, "जनावरंले चारा टाकी दिधा!" आणि त्याचीच एक जादा बाटली ते दोंडाईच्याच्या एका मेडिकल दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवायचे. ही सूचना त्यांचीच.

दूध सुरू झालं. आम्ही चीजच्या चाळीस चकत्या केल्या. तीस चौथा नंबर घालून, दहा न घालता. शेठ भडकले, "दहा मुद्दाम वाया घालवणार?" मी म्हटलं, त्या दहा कडू झाल्या नाहीत तर उरलेल्या तीस कशामुळे चांगल्या झाल्या ते मला कळणार नाही. त्यांनी कुरकुरत मान्य केलं.

पिकवायला बारा-तेरा अंशांची खोली हवी, आणि जळगाव-धुळ्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. शेठच्या साडूंची सावद्याला केळीची शीतखोली होती. केळी तेराच्या खाली ठेवली तर काळी पडतात, म्हणून ती खोली बरोबर तेवढ्याच थंडीवर चालायची. तिचा कोपरा मी मागून घेतला. तिथले तोतारामनाना जन्मभर केळीत मुरलेले. रोज मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून प्रत्येक चकती पुसायची, असं त्यांना सांगितलं. यावेळी कशासाठी पुसायची तेही सांगितलं, पाऊण तास. नाना ऐकून म्हणाले, "बाई, केय आठ दिवसात पिकते. हे काहून इतलं रडवते?" पण पाच महिने त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मी दर रविवारी जायचे. व्यापारी नाकाला उपरणं लावून विचारायचे, नाना, आत काय मेलंय? नाना सांगायचे, बाईचं पीक आहे.

चैत्रात शेठ हॉटेलच्या त्या मुख्य आचाऱ्यांना घेऊन आले. गोव्याचे गृहस्थ, धिप्पाड, कमी बोलणारे. मी त्यांना मुद्दाम आधी दहातली एक चकती कापून दिली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि रुमालात थुंकले. शेठचा चेहरा उतरला. मग मी चौथा नंबर घातलेली एक कापली. त्यांनी चावलं, थांबले, परत चावलं. मग माझ्या हातातली सुरी घेऊन स्वतः दुसरा तुकडा कापला.

"या दोन्हींत दूध वेगळं आहे?"

"दूध एकच. विरजण वेगळं."

"कुठलं?"

"हिराअक्का म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या मडक्यातलं."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण तीसच्या तीस चकत्या त्यांनी घेतल्या, आणि पुढच्या वर्षीच्याही आत्ताच सांगून ठेवल्या. एक तुकडा मी अक्काकडे नेला होता. तिने चाखला आणि कुत्र्याला टाकला. "सडेल शे वं हाई! लोक हाई खातस?" मी एवढी हसले की बसायला लागलं.

शेठनी शब्द पाळला. पावसाळ्यात गावाबाहेर शेड उभी राहिली, हौद बांधला, चारा भरला. दिवाळी झाली. वाडा निघायच्या दिवशी मी पहाटेच पोचले, पेढे घेऊन. मला वाटलं होतं, आज अक्का खूश असणार.

घोड्यांवर बिऱ्हाड लादलं होतं. मुलगा-सून पाया पडले. चाळीस दुभत्या मेंढ्या शेडमध्ये ठेवून बाकीचा कळप हलला. कुत्रा दोन पावलं अक्काकडे आला, घोटाळला आणि कळपामागे पळाला. तिने त्याला हाक मारली नाही. वाडा नाल्याच्या वळणाला दिसेनासा झाला तरी ती तिथेच उभी, त्याच सुजलेल्या गुडघ्यांवर.

"अक्का, बसा ना आता. यासाठीच तर केलं सगळं."

ती माझ्याकडे वळली तेव्हा तोंडावरून पाणी वाहत होतं. "पोरी, मी वाडा कधी पाठमोरा देखेल नव्हता वं. मी कायम त्यानामाच व्हती."

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी राहिले. दीड वर्ष मी कडूपणाचं कारण शोधत होते, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला बसायचंय का.

मग तिने पदराने तोंड पुसलं, गुडघ्यांवर हात रोवून हळूहळू खाली बसली आणि पहिली मेंढी पाय धरून जवळ ओढली. "भांडं दे," ती म्हणाली. मी भांडं दिलं.